आपापल्या जबाबदारीवर: साल्हेरवरच्या एका दुपारचं प्रकरण

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ट्रेकचा निरोप आला की खाली एक ओळ ठरलेली असते: 'प्रत्येकाने आपापल्या जबाबदारीवर यावे.' कुणी पहिल्यांदा लिहिली देव जाणे, वर्षानुवर्षं ती तशीच चिकटवली जाते. मीही कितीदा पुढे पाठवली असेल. तिचा अर्थ नेमका काय, हे साल्हेरच्या पायऱ्यांवरून गुडघ्याखाली पाणी वाहत असताना पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं.

हे त्या रविवारचं टिपण. सहा जण गेलो, सहाही परत आलो. एकाचा घोटा मोडला, एक पोरगा गारठून हातचा जाता जाता राहिला. मी हे लिहिते आहे हे पाचही जणांना सांगितलंय. दोघांना ते आवडलेलं नाही.

कोण, कुठे आणि ऑक्टोबरच का

ग्रुपचा अ‍ॅडमिन म्हणजे आमचे बँकेतले शेजारी, त्यांना सगळे दादा म्हणतात. त्यांचा एकोणीस वर्षांचा पुतण्या. नवरा-बायको दोघंही शिक्षक. अंबडच्या कंपनीतला एक सुपरवायझर, गाडी त्याची. आणि मी. बारा वर्षं डोंगरात जाते, म्हणून यात 'अनुभवी' गणली जाणारी.

साल्हेर बागलाण तालुक्यात, गुजरातच्या डांगाला लागून. नाशिकहून ओझर, पिंपळगाव, सोग्रस फाटा, देवळा, सटाणा, ताहाराबाद असं जायचं. उंची १,५६७ मीटर. महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, शिखर म्हणून कळसूबाईच्या खालोखाल. १६७२ च्या लढाईमुळे नाव शाळेपासून कानावर होतंच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यात साल्हेरही आला, आणि 'एकदा जाऊन येऊ' म्हणणारे वाढले. आम्हीही त्यातलेच.

भर पावसाळ्यात आम्ही सहसा जात नाही. हरिहरच्या पायऱ्यांवरची रांग, त्र्यंबकच्या बाजूचे ओढे, अधूनमधून निघणारे मनाई आदेश, हे सगळं नको वाटतं. ऑक्टोबर उजाडला की मात्र सगळ्यांच्या अंगात येतं. ऊन पडलेलं, गवत अजून हिरवं, पावसाळा 'संपलेला'. माझ्या मते नाशिककरांचा हा सगळ्यात बेसावध महिना आहे. अपवाद फक्त द्राक्षवाल्यांचा. ऑक्टोबर छाटणी घेतलेला बागाईतदार महिनाभर आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. माझे मामा दिंडोरीकडचे. त्यांना एक फोन केला असता तर 'दुपारनंतर डोंगरावर कशाला जाता?' एवढंच म्हणाले असते. केला नाही.

परतीच्या पावसाची रीत जूनजुलैपेक्षा वेगळी. वारा पडलेला असतो, जमिनीत ओल भरपूर असते, सकाळभर ऊन कडक तापतं. ती वाफ वर चढते आणि दुपारी एकदोनच्या सुमारास ढग उभे वाढायला लागतात. जुलैचा पाऊस दिवसभर पडतो पण विजा कमी. ऑक्टोबरचा तासदोन तास, पण कडकडाटासह. जुलैत ओढ्यांची भीती बाळगायची, ऑक्टोबरात माथ्याची.

'तुरळक' या शब्दाची गोष्ट

शनिवारी रात्री दहाला मी हवामान खात्याचा जिल्हानिहाय अंदाज उघडला होता. नाशिक जिल्ह्याला पिवळा रंग. 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, वाऱ्याचा वेग ताशी ३० ते ४० किलोमीटर.'

आपण मराठी माणसं 'तुरळक' हा शब्द किरकोळ, हलका, जाता जाता पडणारा अशा अर्थाने वाचतो. हवामान खात्याच्या भाषेत तो पावसाच्या जोराबद्दल काहीच सांगत नाही. त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस पडेल, एवढाच त्याचा अर्थ. त्या पावात तुम्ही असाल तर तुमच्या डोक्यावर पडणारा पाऊस तुरळक नसतो. मला हे माहीत होतं. बारा वर्षांत एवढं तरी शिकले आहे.

मी ग्रुपवर लिहायला घेतलं: 'उद्या दुपारी विजांचा अंदाज आहे, एक वाजेपर्यंत उतरायला लागू.' लिहिलं आणि पुसलं. कारण सांगते. महिन्यापूर्वी असंच लिहून मी अंजनेरीचा बेत मोडला होता, आणि त्या दिवशी दिवसभर लख्ख ऊन पडलं. तेव्हापासून सोसायटीत माझं नाव 'हवामान खातं' पडलंय. दुसऱ्यांदा तोंडघशी पडायची इच्छा नव्हती. या प्रकरणात माझ्या वाट्याची सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती घरी सोफ्यावर बसून झाली.

नंतर कळलं की शिक्षक वहिनींनीही तो अंदाज पाहिला होता. 'ताई काही बोलल्या नाहीत म्हणजे ठीकच असेल,' असं त्यांना वाटलं.

घटनाक्रम

पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं, निघालो सहा दहाला. पिंपळगावच्या पुढे मिसळ, पाऊण तास. (मिसळीशिवाय नाशिककरांचा ट्रेक सुरू होत नाही, हे मान्य. पण ती परतीच्या वाटेवरही मिळते.) वाघांबे गावात पोचलो तेव्हा दहा चाळीस झाले होते.

शेवटच्या घराच्या खळ्यात एक बाबा मक्याची कणसं पसरत होते. आम्ही गाडी लावायला जागा विचारली. त्यांनी दाखवली, सहा जणांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "उशीर केला तुम्ही. दुपारनंतर वर राहू नका, आभाळ येतंय रोज." दादा म्हणाले, "हो बाबा, येतोच लगेच." बाबांनी पुढे काही विचारलं नाही. आम्हीही किती वाजता उतरू, कोणत्या वाटेनं उतरू, हे सांगितलं नाही.

साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्या मधल्या खिंडीत पोचायला पावणेएक. मनात ठरवलेली माझी एकची वेळ इथेच संपत होती. मनातच ठरवलेली, त्यामुळे ती मोडली हे कुणाला कळलंही नाही. खिंडीपासून कोरीव पायऱ्या, दरवाजे, मग कड्याला धरून जाणारी आडवी वाट, पुन्हा दरवाजे. माथ्यावरच्या सपाटीवर आलो तेव्हा सव्वादोन. डांगाच्या बाजूला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग उभे राहिले होते, खालून काळपट. फोटोत फार सुंदर आलेत.

चौघं परशुरामाच्या देवळाकडे शिखरावर निघाले. मी आणि सुपरवायझर तळ्यापाशी थांबलो. दोन चाळीसला पहिली वीज दिसली. मी मोजायला लागले, चोवीसाव्या सेकंदाला आवाज आला. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो, म्हणजे वीज आठ किलोमीटरवर. वीज आणि आवाजात तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर पडलं की उघड्यावर थांबायचं नाही, हा सर्वमान्य नियम. आम्ही खालून ओरडलो, शिट्टी मारली. वरच्यांना वाटलं आम्ही फोटोसाठी हात करतोय.

तीन दहाला पाऊस कोसळला. ते चौघं देवळाच्या आडोशाला चिकटून उभे राहिले. मुलुखातल्या सगळ्यात उंच टोकावर, एकमेकांना धरून. याहून वाईट जागा त्या क्षणी आसपास कुठेच नव्हती. पुढच्या दोनचार विजा आवाजासकटच पडल्या. त्या मधल्या खंडात ते धावत खाली आले आणि आम्ही सगळे गुहेत शिरलो.

गुहेबद्दल दोन शब्द, कारण इथे पुष्कळ जण चुकतात. उथळ कपारीत किंवा गुहेच्या तोंडाशी बसणं धोक्याचं. वीज वरच्या खडकावरून खाली येताना ते तोंड ओलांडते, आणि मधे माणूस असला तर त्याच्यातून जाते. म्हणून आत, भिंतीला पाठ न टेकता, सॅक खाली घेऊन, एकमेकांत अंतर ठेवून बसलो. आडवं पडायचं नाही. एवढं मात्र आम्ही नीट केलं.

पुतण्या

त्याच्या अंगात जीन्स आणि सुती टी-शर्ट. शिखरावरून येईपर्यंत दोन्ही निथळत होते. हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यात वारा, त्यात ओलं सुती कापड. ते अंगाची ऊब शोषून घेत राहतं. ऑक्टोबरात, महाराष्ट्रात, माणूस थंडीनं आजारी पडेल हे आपल्या गावीही नसतं.

पहिली वीस मिनिटं तो काकडत होता, दात वाजत होते. सगळे हसत होते, तोही हसत होता. मग तो गप्प झाला. मी त्याला चिक्की दिली. त्याला कागद उघडता येईना. बोटं कागदावरून नुसती घसरत होती, आणि तो त्या कागदाकडे असा बघत होता जणू ही काय वस्तू आहे. दादांनी 'काय रे, बरं वाटत नाही का?' विचारल्यावर तो चिडला: "काय नाय झालं मला." शब्द जड येत होते.

शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की याला हायपोथर्मिया म्हणतात. थडथडणं चाललंय तोवर शरीर झगडतंय. हात चालेनासे होणं, जीभ जड होणं, उगाच हट्ट, आणि अंग गार असतानाच थडथड थांबणं, या पुढच्या पायऱ्या. आम्ही त्याचा टी-शर्ट उतरवला, माझ्या सॅकमधला कोरडा फ्लीस (गुलाबी, लेडीज) चढवला, कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशवीला डोकं आणि हात घालायला भोकं पाडून ती वरून घातली, आणि दोन्ही बाजूंना दोघं बसले. हातपाय चोळले नाहीत, त्याने अपाय होऊ शकतो. कपभर गरम गोड चहाचा फार उपयोग झाला असता, पण थर्मास कुणाकडेच नव्हता. गुळाचा लाडू भरवला. पंधरावीस मिनिटांनी तो पुन्हा थडथडायला लागला, आणि मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

तो फ्लीस आणि ती पिशवी योगायोगाने होती. मागच्या ट्रेकची सॅक मी रिकामी केली नव्हती, एवढंच.

थांबायचं की उतरायचं

शेवटचा गडगडाट पाच पाचला. त्यानंतर अर्धा तास थांबायचं असतं, थांबलो. पाच पस्तीसला प्रश्न उभा राहिला. सव्वासहाच्या आत सूर्य मावळणार. खाली जायला कोरड्यात दीडदोन तास, ओल्यात आणखी.

या निर्णयावरून आमच्यात अजून वाद आहे. शिक्षक वहिनींच्या यजमानांचं म्हणणं, रात्र गुहेत काढायला हवी होती. साल्हेरच्या गुहेत लोक मुक्काम करतातच. छप्पर होतं, विजा थांबल्या होत्या, आणि अपघात झाला तो उतरतानाच. त्यांचं म्हणणं कागदावर बरोबर आहे. पण आमच्याजवळ काय होतं ते त्याच संध्याकाळी गुहेत मांडून पाहिलं होतं: सहा जणांत पाच पॉवरबँक आणि एक डोक्याची बॅटरी. चार सेल्फी स्टिक की तीन, यावर एकमत नाही. वेफर्सचे सात पुडे. कोरडा कपडा एक, तो पोराच्या अंगावर. प्लॅस्टिकचा कागद नाही, आगपेटी भिजलेली, पाणी दीड लिटर. या सामानावर त्या पोराला रात्रभर वर ठेवायची माझी हिंमत नव्हती. प्रत्येकाकडे एक कोरडा जोड, एक बॅटरी आणि मधे एखादी ताडपत्री असती तर मीही थांबा म्हटलं असतं. थांबण्याचा पर्याय आम्ही नाशिकलाच ठेवून आलो होतो.

पहिला गडगडाट ऐकला तेव्हाच उतरायला लागायला हवं होतं, असं दादा म्हणतात. ते मला पटत नाही. माथ्यापासून त्या आडव्या, उघड्या वाटेवर येईपर्यंत अर्धा तास गेला असता, आणि नेमक्या त्याच वेळी विजा डोक्यावर होत्या. दोन चाळीसला गुहा हेच बरोबर होतं. चूक दोन चाळीसची नव्हतीच. पावणेएकला खिंडीतून मागे फिरलो असतो तर साडेतीनला गाडीत असतो.

उतरताना मी बॅटरी घेऊन मधे, बाकीचे मोबाईलच्या उजेडावर. एक हात मोबाईलला गेला की खडक धरायला एकच हात उरतो, हे त्या पायऱ्यांवर कळतं. खिंडीच्या जरा वर सुपरवायझरचा पाय घसरला. फार नाही, तीन पायऱ्या. पण उठता येईना. बूट काढला नाही, ओढणी आणि काठीने पाय बांधला. दोघांच्या खांद्यावर त्याला खिंडीत आणेपर्यंत आठ वाजले. एका मोबाईलला रेंजची एक काडी होती. ११२ लावायचा की १०८, यावर बोलत असतानाच खालच्या झाडीत उजेड हलताना दिसला.

वर आलेली माणसं

बाबा होते, आणि तीन तरुण पोरं. कुणी बोलावलेलं नव्हतं. "सहाला गाडी तिथंच. साडेसहाला खिंडीत बॅटऱ्या दिसायला पायजे होत्या. नाय दिसल्या," एवढंच त्यांनी सांगितलं. त्यांच्याजवळ दोन बॅटऱ्या, दोर, एक घोंगडी, दोन बांबू आणि एक निळी ताडपत्री. घोंगडी पोराला गुंडाळली. ताडपत्रीची बांबूंना झोळी करून सुपरवायझरला तिच्यात घातलं. त्याचं वजन शहाऐंशी किलो. ती चार माणसं आणि आमचे दोघं आळीपाळीने, बसत उठत, अडीच तास त्याला वाहत होते. वाटेत नऊच्या सुमारास पुन्हा एक सर येऊन गेली. जोरदार, पंधरावीस मिनिटं.

साडेदहाला खळ्यात पोचलो तेव्हा मला ते दिसलं. ताडपत्री मक्यावरची होती. दुपारच्या पावसात बाबांनी ढीग करून झाकलेली कणसं, आमच्यासाठी उघडी टाकलेली, आणि नऊची सर त्यांच्यावर पडून गेलेली. म्हातारी आई अंधारात वरची ओली कणसं टोपल्यात भरून ओसरीवर नेत होती. आम्ही पाच धडधाकट माणसं उभी होतो. शिक्षक वहिनी आणि मी लागलो हाताला. ताडपत्री खडकावर घासून मधोमध हातभर फाटली होती.

मग सटाण्याला दवाखाना, एक्सरे, सहा आठवडे प्लॅस्टर. गाडी दादांनी चालवली, पहाटे साडेतीनला घरी.

हिशेब

त्या ओळीकडे परत येते. 'आपापल्या जबाबदारीवर.' त्या दिवशी कोणावर काय होतं ते मी एकदा लिहून काढलं. अंदाज पाहायचा: कुणावरच नाही, पाहिला दोघींनी, बोललं कुणी नाही. परत फिरायची वेळ: कुणीच नाही. बॅटऱ्या: प्रत्येकाला वाटलं दुसरा घेईल. पोराचे कपडे: दादांना वाटलं तो मोठा आहे, त्याला वाटलं काका सांगतील. घरी कळवणं: माझ्या नवऱ्याला मी 'संध्याकाळी येते' म्हटलं होतं. रात्री नऊपर्यंत त्याला काळजी वाटायचं कारण नव्हतं, आणि वाटली असती तरी कोणत्या गावाकडे फोन करायचा हे माहीत नव्हतं. सहा जणांची जबाबदारी सहा ठिकाणी वाटली आणि ती कुणाच्याच सॅकमध्ये निघाली नाही. शेवटी आमची वाट पाहत होता तो माणूस ग्रुपमध्ये नव्हता, आणि त्याने ती ओळ वाचलेली नव्हती.

त्या दिवशी तिथे बंदी नव्हती, हे दादा वारंवार सांगतात. खरं आहे. मनाई आदेश काढले जातात ते गर्दीच्या, नावाजलेल्या ठिकाणांसाठी, बहुधा जुलै-ऑगस्टात. वाघांब्याच्या वाटेवर ऑक्टोबरात उभं राहून कोण कुणाला अडवणार? अडवलं होतं खरं म्हणजे. सकाळी दहा चाळीसला, मक्याच्या ढिगाशेजारी.

आता मी काय करते ते थोडक्यात. अंदाज ग्रुपवर टाकते, हसू देत. परत फिरायची वेळ निरोपातच लिहिते आणि गावात जो भेटेल त्याला सांगते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप मोबाईलवर आहे, आसपास वीज कुठे पडतेय ते दाखवतं. पण रेंज गेली की तेही गेलं, म्हणून पायथ्याशीच एकदा बघून घेते. बॅटरी आणि कोरडा कपडा दाखवल्याशिवाय गाडीत बसू देत नाही. यावरून दोघं जण आता आमच्याबरोबर येत नाहीत.

दिवाळीनंतर मी आणि शिक्षक वहिनी वाघांब्याला गेलो. रविवार कारंजावरून नवी ताडपत्री घेतली होती, फराळाचा डबा होता. बाबांनी चहा दिला. पैशांचा विषय काढला तो त्यांनी कानाआड केला. मका किती खराब झाला विचारलं तर म्हणाले, "खालच्याला मोड आले. कोंबड्यांनी खाल्ला." मग ताडपत्रीची घडी उलगडून खळ्यात पसरली, पावलांनी एकदा लांबी मोजली, एकदा रुंदी.

"ही पंधरा बाय बारा आहे, ताई," ते म्हणाले. "माझी अठराची होती."